तात्यांचा अर्थ

सातपूरला आमच्या शाळेच्या मागे, एका कारखान्याच्या कुंपणाला टेकून पत्र्याची एक शेड होती. तिच्यावर पाटी होती : 'येथे सर्व गाड्यांचे वायरींग, सेंसर व मिटरचे काम होईल. घाई असलेल्यांनी पुढे जावे.' एवढ्याशा मजकुरात शुद्धलेखनाच्या तीन चुका, आणि मी मराठीची शिक्षिका. स्कूटरचा सेल्फ लागत नव्हता म्हणून मी ती ढकलत तिथवर नेली होती, घामाघूम झाले होते, पण तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते पाटीबद्दल.

शेडमधून एक किरकोळ बांध्याचा माणूस बाहेर आला. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा. त्याने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पाटी चुकली तरी गिऱ्हाईक येतं. वायर चुकली तर लाइट येत नाय. बसा."

हे निवृत्ती तात्या. नाव निवृत्ती, पण निवृत्त व्हायचं नाव नाही. तेव्हाच साठी ओलांडलेली होती. त्र्यंबककडच्या एका खेड्यातला जन्म, त्यामुळे घरोघरी एक निवृत्ती असायचाच. तात्यांच्या वर्गात म्हणे चार होते. हजेरी घेताना मास्तर एकदाच हाक मारायचे आणि चौघे मिळून 'हजर' म्हणायचे. त्यात कोण गैरहजर आहे ते कधीच कळायचं नाही. तात्यांचं शिक्षण सातवीपर्यंतच का झालं, याचं उत्तर मला त्यात सापडलं.

स्कूटरला त्यांनी हात लावला नाही. आधी चौकशी सुरू केली. कधीपासून असं होतं? सकाळी होतं की दुपारी? पावसात उभी होती का? मध्ये कोणी काही केलं का? "खरं सांगा, रागवणार नाय." मी आयुष्यभर मुलांना 'खरं सांग, रागावणार नाही' म्हणाले आणि खरं ऐकल्यावर रागावले. त्यामुळे मला त्या वाक्याचा भरवसा नव्हता. तरी कबूल केलं, की आदल्या रविवारी भाच्याने पाण्याचा पाइप लावून स्कूटर धुतली होती. तात्या रागावले नाहीत. सीटखालची एक वायर त्यांनी काढली, पुसली, परत बसवली. सेल्फ लागला.

"दुखणं सांगावं, औषध सांगू नाय," हा त्यांचा पहिला नियम. कुणी ट्रकवाला येऊन म्हणाला, "तात्या, सेन्सर बदलून द्या," की ते शांतपणे पाटीच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवायचे. सेन्सर बदलायचा की नाही हे ठरवायला मी इथे बसलोय, असा त्याचा अर्थ. माणसं चिडायची, पुढे जायची, दोन ठिकाणी दोन सेन्सर बदलून आठ दिवसांनी परत यायची. परत आलेल्याला तात्या चहा पाजायचे. त्या चहाला आसपासच्या गॅरेजांत 'प्रायश्चित्ताचा चहा' म्हणत.

पुढच्या रस्त्याला एका पोराने लॅपटॉप लावून गाड्या तपासायचं नवं दुकान काढलं होतं. गाडीला एक केबल जोडायची, पडद्यावर दोष लिहून येतो. तात्या त्याला 'जोशीबुवा' म्हणत. "तो पत्रिका बघतो, मी नाडी बघतो." पण त्यांना त्या यंत्राचा राग होता असं मात्र नाही. राग होता तो यंत्राचं म्हणणं देववाणी मानणाऱ्यांचा. मला एकदा त्यांनी समजावून सांगितलं, "बाई, मशीन खोटं बोलत नाय, पण ऐकीव सांगतं. सेन्सर काय बोलला ते त्याला थोडंच कळतं? मधल्या वायरनं येऊन काय सांगितलं ते कळतं. आता मधलीच चहाडखोर निघाली तर सेन्सरचा काय दोष?" आमच्या शिक्षकांच्या खोलीतल्या काही प्रकरणांचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

त्यांच्याकडे मीटर होता, आकडे दाखवणारा, चांगला. पण खरा जीव होता तो एका बल्बवर. ट्रकच्या दिव्यातला एक जुना बल्ब, त्याला दोन वायरी आणि टोकांना चिमटे. त्याचं नाव 'काजवा'. मीटरने सांगितलं की इथे करंट आहे, तरी ते काजवा लावून बघायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मीटर नुसता वास घेतो आणि जेवण झालं म्हणतो. हा जेवून सांगतो." वायर आत कुजून एका केसावर तगलेली असली तरी मीटर बिचारा पुरा आकडा दाखवतो, बल्ब मात्र पेटत नाही. हे मला कळायला दोन वर्षं लागली. कळल्यावर मी तोंडी परीक्षा घ्यायची पद्धत बदलली.

आणि त्यांच्या त्या गुदगुल्या. इंजिन चालू ठेवायचं, डोळे मिटायचे आणि वायरींच्या गठ्ठ्यावरून बोटं फिरवत, हळूच हलवत, दाबत पुढे जायचं. जिथे आत तुटलेलं असेल तिथे हलवलं की इंजिन अडखळतं. "हसली!" असं ते ओरडायचे. गाडी हसली की दुखणं सापडलं. एक शंभर किलोचा ट्रकमालक शेजारी उभा आणि हा वाळका माणूस त्याच्या ट्रकला डोळे मिटून गुदगुल्या करतोय, हे दृश्य बघायला समोरच्या टपरीवरचे लोक ग्लास हातात घेऊन यायचे.

पण तात्यांचं खरं दैवत होतं अर्थ. म्हणजे अर्थिंग, घरात जमिनीकडे आणि गाडीत तिच्या लोखंडी सांगाड्याकडे जाणारी वायर. तरुणपणी ते एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर एका ठेकेदाराकडे अर्थिंगचे खड्डे खणायला होते. मीठ, कोळसा, मध्ये पत्रा, वर माती. तिथून जे वेड लागलं ते सुटलं नाही. शेडच्या दाराशी त्यांनी स्वतःसाठी असाच एक खड्डा केला होता आणि रोज सकाळी शटर उघडायच्या आधी ते त्यात तांब्याभर पाणी घालायचे. "अर्थ ओला पाहिजे बाई. कोरडा पडला की सगळं बिघडतं." समोरच्या टपरीवाल्याचं ठाम मत होतं, की तात्यांची तुळस वाळून गेली आणि हे अजून पाणी घालतायत.

मी एकदा सांगून पाहिलं, की तुमचा अर्थ इंग्रजीतला आणि आमचा अर्थ संस्कृतातला, दोघांचा काही संबंध नाही. तात्यांनी ऐकून घेतलं. "तुमचा नाय लागला तर काय होतं?"

"वाक्य कळत नाही."

"आमचा नाय लागला तर गाडी कळत नाय. मग संबंध कसा नाय?"

आमच्या शाळेच्या बसचा किस्सा त्यातलाच. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की बस रिव्हर्सची धून वाजवायची. बस पुढे चाललेली आणि मागून ती किणकिण. चौकातली माणसं घाबरून मागे सरकायची. मुलं खूश, मुख्याध्यापक हैराण. ते स्वतः बसबरोबर शेडवर गेले. तात्यांनी मागच्या दिव्याशेजारचा अर्थचा बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, लावला. धून बंद. मुख्याध्यापकांना फार वाईट वाटलं. एवढा मोठा त्रास आणि इतका छोटा बोल्ट, हे त्यांना अपमानास्पद वाटत होतं. "एवढंच?" त्यांनी विचारलं. "एवढंच," तात्या म्हणाले, "दिव्याला घरी जायला वाट नव्हती, तो बिचारा शेजारच्याच्या दारातून जात होता."

त्या बसमुळेच मी त्यांची वही लिहायला लागले. तात्या प्रत्येक गाडीचं दुखणं लिहून ठेवायचे, पण त्यांचं अक्षर त्यांना स्वतःलाच लागत नसे. बसची जुनी नोंद शोधताना त्यांनी 'बस' हा शब्द मला 'बल्ब' म्हणून वाचून दाखवला, तेव्हा मी वही ओढून घेतली. त्यानंतर शाळा सुटली की आठवड्यातून दोनतीनदा मी तिथे स्टुलावर बसायचे. ते हात पुसत सांगायचे, मी लिहायचे. गाडी, तारीख, दुखणं, काय सापडलं. आणि काम फत्ते झालं की शेवटी दोन शब्द : 'अर्थ लागला.' ते लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. शाळेत माझ्या या उद्योगाची चेष्टा व्हायची. निवृत्त झाल्यावर तर मी रोजच जायला लागले. घरी बसून मालिकांतली मराठी ऐकण्यापेक्षा हे बरं होतं.

त्या वहीत एकच पान होतं जे कित्येक महिने उलटलं गेलं नाही. ते रामनाथच्या ट्रकचं.

रामनाथ गिरणाऱ्याकडचा. नाशिकच्या आसपासच्या मळ्यांतली कोथिंबीर, फ्लॉवर, झेंडू भरायचा आणि मुंबईच्या बाजारात उतरवायचा. गाडी बारा-तेरा वर्षांची, नाव 'म्हातारी'. दुसऱ्यांच्या गाड्यांवर वीस वर्षं घासल्यावर घेतलेली स्वतःची पहिली गाडी. ती नवीकोरी होती तेव्हापासून तात्यांकडे यायची. रामनाथ माणूस धट्टाकट्टा, पण गाडीबद्दल बोलताना आवाज असा काढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणी आजारी आहे.

म्हातारीला झटका यायचा. चालता चालता स्टिअरिंगसमोरच्या मीटरवर पिवळा दिवा, मग इंजिन गप. तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, काही झालंच नाही अशी सुरू. जोशीबुवांच्या लॅपटॉपने सांगितलं, क्रँक सेन्सर. इंजिन किती फिरतंय ते सांगणारा हा सेन्सर. तो बोलला नाही की इंजिन थांबतं. रामनाथने सेन्सर बदलला. परत झटका. परत बदलला. मग तो तात्यांकडे आला आणि प्रायश्चित्ताचा चहा प्यायला.

तात्यांनी सगळे अर्थ घासले. काजवा लावला. गुदगुल्या केल्या, एकदा नव्हे, दहा वेळा. म्हातारी काही हसेना. शेडमध्ये आली की ती अगदी शहाण्यासारखी वागायची. तात्या कधीच 'कळत नाही' म्हणत नसत. 'अजून बोलली नाय' म्हणत. वहीत त्या पानावर मी सहा वेळा लिहिलं, 'अजून बोलली नाही.' सहाव्या वेळी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्याच अक्षरात काही खोट आहे. त्या दिवसांत ते फार चिडचिडे झाले होते. टपरीवाल्याने तुळशीचा विनोद केला तर दोन दिवस त्याच्याकडचा चहा बंद. पाटीवरची शेवटची ओळ त्यांनी दिवसातून चार वेळा दाखवली.

रामनाथची अवस्था त्याहून वाईट होती. भाजी वाटेत अडकली की सडते. कसाऱ्याच्या घाटात दोनदा गाडी उभी राहिल्यावर व्यापाऱ्यांनी त्याला माल देणं बंद केलं. एका शुक्रवारी तो आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "तात्या, मोडीत काढतोय तिला. उद्या भंगारवाला येतोय बघायला. परत दुसऱ्याच्या गाडीवर बसंन, काय करता?"

त्याच्यासोबत त्याची बायको अलकाताई आली होती. ती माझ्या स्टुलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, ह्यांना कोण सांगणार? गाडीला बाधा हाय. दर अमावश्येलाच बंद पडते. मी त्र्यंबकला गुरुजींना विचारलं, गाडीची शांती करता का. ते म्हणले, शांती माणसाची असती, गाडीची नसती."

तात्यांचे कान वायरमनचे. कुजबुज त्यांना आरडाओरड्यापेक्षा नीट ऐकू यायची. ते एकदम कडाडले, "बाधा! बारा वर्षांच्या गाडीला बाधा! उद्या म्हणाल बॅटरीला पितर लागले!" अलकाताई ओशाळली. मलाही तात्यांचा राग आला, कारण ती बिचारी रडायच्या बेतात होती. तशाच रागात मी म्हणाले, "तात्या, तुमचाच नियम ना, दुखणं सांगावं म्हणून? ती दुखणंच सांगते आहे. ऐका की."

तात्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "वही काढा."

भिंतीवर दिनदर्शिका होतीच. मी वहीतल्या तारखा वाचत गेले आणि अलकाताई दिनदर्शिकेची पानं उलटत गेली. सहा झटके. एक भर पावसातला सोडला तर पाचही अमावास्येच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. टपरीवाला ग्लास हातात घेऊन आधीच आला होता, त्याने ग्लास खाली ठेवून हात जोडले.

तात्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणि डोळ्यांवरचा कपाळावर नेला. हे ते फार क्वचित करायचे. "रामनाथ," ते म्हणाले, "अमावश्येला तू काय करतो? खरं सांग, रागवणार नाय."

"काय करणार? पूजा करतो. नारळ फोडतो."

"कुठं?"

"गाडीम्होरं. बंपरवर."

"उद्या अमावश्याच हाय. उद्या इथंच फोड. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपुढे ही गर्दी. भंगारवालाही आला होता. तो एका जुन्या टायरवर बसून म्हातारीकडे चोरट्या नजरेने बघत होता आणि मनात तिचे लोखंडाचे किलो करत होता. रामनाथने गाडी धुतली, हार घातला, हळदकुंकू वाहिलं. इंजिन बंद करायला गेला तर तात्यांनी हात धरला. "चालू राहू दे."

"पूजेला चालू?"

"तिलाबी कळू दे पूजा चाललीय."

रामनाथने बंपरवर नारळ फोडला. चार थेंब रस्त्यावर शिंपडले. मग दोन्ही हातांनी ती करवंटी उचलली आणि उरलेलं पाणी समोरच्या जाळीतून आत ओतलं, हळूहळू, आजारी माणसाच्या तोंडात चमच्याने घालावं तसं.

"हे काय?" तात्या ओरडले.

"इंजिनाला पाजतो ना," रामनाथ म्हणाला. "आपण देवाचं तीर्थ घेतो, मग तिला नको? घेतली तवापासून पाजतो. बंद पडायला लागल्यावर तर पुरा नारळ पाजतो."

कुणी हसलं नाही. सगळे इंजिनकडे बघत होते. मिनिट गेलं असेल. पिवळा दिवा लागला, म्हातारी दोनदा खोकली आणि गप झाली. अलकाताईने पदर तोंडाला लावला. टपरीवाल्याने डोळे मिटले. आणि तात्या, सत्तरीकडे झुकलेले, किरकोळ, वाळके तात्या, जागच्या जागी उडी मारून ओरडले, "हसली! बाई, हसली ओ!"

जाळी काढायला दहा मिनिटं लागली. तिच्यामागे हात पोचत नव्हता, म्हणून तिथे आजवर गुदगुल्या झाल्याच नव्हत्या. मागे वायरींचे दोन गठ्ठे एकमेकांत बसतात तो प्लास्टिकचा कपलर होता. त्यावर नारळाच्या पाण्याचे थरावर थर, चिकट, पांढरे, आणि आत पितळेवर हिरवा गंज. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, एका वायरीचा करंट त्यातून दुसरीकडे वाहून जातो, हे मला आज कुणी विचारलं तर मी फळ्यावर लिहून दाखवीन. ओलं असेपर्यंत सेन्सरचं बोलणं पुढे पोचायचंच नाही. वाळलं की गाडी शहाणी.

रामनाथचा चेहरा बघवत नव्हता. ज्या हाताने प्रेमाने पाजलं त्याच हाताने आपण तिला मारत होतो, हे त्याला कळत होतं. टपरीवाला खिदळायच्या बेतात होता. एवढ्यात तात्या म्हणाले, "थांबा."

ते कपलरच्या मागची एक वायर बोटांत धरून उभे होते. तिच्यावर काळी चिकटपट्टी होती, टोकाला उलटा पीळ दिलेली. असा पीळ सातपुरात एकच माणूस द्यायचा. त्यांनी पट्टी सोलली. खाली वायरीच्या आवरणाला एक भोक होतं, टाचणीएवढं, आणि तिथून आत पाणी गेलेलं, तांबं काळं पडलेलं.

वायरीला टाचणी टोचून करंट बघायचा नाही, हा तात्यांचा सर्वांत कडक नियम होता. टोचणाऱ्याला ते शेडमध्ये उभं करत नसत. "भोक दिसत नाय, पण पाण्याला दिसतं," असं म्हणत. आणि हे भोक त्यांचं स्वतःचं होतं. गाडी नवी असताना, हेडलाइटची वायर शोधताना चुकून सेन्सरच्या या वायरीला टोचलेलं. तेव्हा त्यांचा तो नियम झालेला नव्हता.

त्यांना गप्प राहता आलं असतं. ती पट्टी जमलेल्या बाकी कुणालाच ओळखू आली नसती. मला आली असती, पण मी बोलले नसते. तात्यांनी ती वायर रामनाथच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी तुझं, भोक माझं. नुसत्या पाण्यानं ती थोडं खोकून सावरली असती. भोकामुळं पडली."

भंगारवाला उठला, टायरवरची धूळ झटकली आणि गेला. रामनाथ खाली वाकून तात्यांच्या पाया पडायला लागला तर तात्या चक्क पळाले, शेडमध्ये जाऊन पॉलिश पेपर शोधत बसले. तो त्यांच्या खिशातच होता.

दुपारपर्यंत नवी वायर, नवा कपलर बसला. मी वही उघडली, सगळं लिहिलं आणि सवयीने 'अर्थ' लिहायला लागले तर त्यांनी थांबवलं. "आज नको. चूक आपली असली तर एक पावसाळा जाऊ द्यावा. पावसाळा पाहिल्याबिगर आपल्या हातावर इश्वास ठेवू नाय." त्या पानावर त्यांच्या सांगण्यावरून मी शेवटी लिहिलं, 'पाणी रामनाथचं, भोक माझं.' खाली एक ओळ मोकळी सोडली.

नारळाचा प्रश्न उरला. अलकाताईने भीत भीत विचारलं, की आता फोडायचाच नाही का. तात्या देवधर्मातले नव्हते, पण दुसऱ्याच्या देवात हात घालणारेही नव्हते. "फोड की. जमिनीवर फोड. आणि पाणी तिला नको, मला आणून देत जा. मला गंज लागत नाय." तेव्हापासून दर अमावास्येला रामनाथ तांब्याभर नारळपाणी घेऊन यायचा आणि तात्या भर रस्त्यावर, त्याच्या समोर, घटाघट प्यायचे. टपरीवाल्याने याचं नाव ठेवलं 'तात्यांचा नैवेद्य'.

मृगात पहिली सर आली त्या दिवशी त्यांनी रामनाथला तीन फोन केले. गाडी चालू आहे ना? घाटात? वायपर लावल्यावर? पुढे पाऊस पडला की तेवढं त्यांचं ठरलेलं. रामनाथ मला म्हणायचा, "बाई, माझी बायको इतके फोन करत नाय." मी हसायचे, पण मला कळत होतं की हा माणूस म्हातारीची नाही, स्वतःच्या हाताची चौकशी करतोय.

श्रावणात तात्यांच्या पायांवर सूज आली. किडन्या. आठवड्यातून दोनदा मशीनला जोडायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी तिथल्या माणसाला आधी अर्थिंग दाखवायला लावलं म्हणे. दाखवल्यावरच हात पुढे केला. "चांगलं केलंय त्यांनी," मला कौतुकाने सांगितलं. शेड बंद झाली. पण मशीनचा दिवस नसला की ते सकाळी रिक्षाने यायचे, बंद शटरपुढे खुर्ची टाकून बसायचे आणि तांब्याभर पाणी खड्ड्यात घालून परत जायचे. मी वही पिशवीत घालून जायचे. लिहायला काही नसायचं. मला फार वाईट वाटायचं आणि ते मी लपवायचा प्रयत्न करत नसे. तेच मला म्हणायचे, "बाई, कोरड्या पडू नका."

सर्वपित्री अमावास्येला मी गेले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. दोन्ही चष्मे जागेवर. हात काठीवर. उन्हं पडली होती, आठवडाभर पाऊस नव्हता. थोड्या वेळाने म्हातारी आली. झेंडू भरून निघालेली, पुढे हार. रामनाथ उतरला, जमिनीवर नारळ फोडला आणि तांब्या घेऊन पुढे आला.

तात्यांनी मान हलवली. "डाक्टर नारळपाणी नको म्हणतो. ह्या दुखण्यात नाय चालत."

मागच्या अमावास्येला तात्या मशीनवर होते, त्यामुळे रामनाथला हे ठाऊक नव्हतं. तो तांब्या तसाच धरून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण त्या तांब्याचं काय करायचं ते त्याला सुचेना. गाडीकडे बघितलं, परत तात्यांकडे.

"मग आता?" त्याने विचारलं.

"अर्थात घाल," तात्या म्हणाले.

रामनाथ खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने ते पाणी हळूहळू ओतलं, जाळीतून ओतायचा तसंच. माती कोरडी होती. पाणी लगेच आत गेलं. तात्या वाकून बघत होते.

"पावसात बंद पडली का रे एकदा तरी?"

"एकदाबी नाय, तात्या. अख्खा पावसाळा."

तात्या मागे टेकले. मागे म्हातारीचं इंजिन चालू होतं आणि ते डोळे मिटून ऐकत होते. मग माझ्या पिशवीकडे बोट करून म्हणाले, "बाई, ते पान काढा. एक ओळ ऱ्हायलीय."

मी पान काढलं आणि लिहिलं.